विद्यापीठातील पाणी तपासणी प्रयोगशाळा कशी उभी राहते आणि कशी वाढते?

मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागातील सहायक प्राध्यापकांनी विचारले आहे की, विभागाला पाणी तपासणी प्रयोगशाळेसाठी खोली आणि एकरकमी अनुदान मंजूर झाले असून या रकमेतून अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर (पाण्यातील धातू मोजणारे यंत्र) घ्यावा असा काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे. तो घ्यावा का, नमुने येतील कोठून, एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, मानांकन केव्हा मागावे आणि पाच वर्षांनी ही प्रयोगशाळा कुलूपबंद होऊ नये यासाठी काय करावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. अशाच एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काम केले, त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे तिची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

आधी यंत्राचा प्रश्न निकाली काढतो. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन आत्ता घेऊ नये. त्याला अ‍ॅसिटिलीनचे सिलिंडर लागते, प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा लागतो, खोली वातानुकूलित लागते आणि मुख्य म्हणजे ते रोज चालवणारा एक कायम माणूस लागतो. तासिका तत्त्वावर नेमलेला सहकारी जून महिन्यात परत येईल की नाही हेच ठाऊक नसलेल्या विभागाने हा संसार अंगावर घेऊ नये. शिवाय मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. येथे पिण्याच्या पाण्याच्या बहुतेक तक्रारी काठिण्य, एकूण विद्राव्य क्षार, नायट्रेट, काही पट्ट्यांत फ्लोराइड आणि सर्वत्र जिवाणू या पाच गोष्टींच्या असतात, आणि यांपैकी एकीलाही ते यंत्र लागत नाही. एक दशांश मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू, पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मीटर, गढूळपणा मोजणारा मीटर, सोडियम-पोटॅशियमसाठी फ्लेम फोटोमीटर, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लोराइडचे इलेक्ट्रोड, ऑटोक्लेव्ह, ओव्हन, इनक्युबेटर आणि पुरेशी चांगली काचसामग्री एवढ्यावर पहिली पाच वर्षे उत्तम काम होते. उरलेल्या पैशातून इन्व्हर्टर घ्यावा. जिवाणू तपासणीच्या नळ्या २४ तास आणि गरज पडल्यास ४८ तास ठरलेल्या तापमानावर ठेवाव्या लागतात. मे महिन्यात रात्री वीज गेली, तर इनक्युबेटरच्या आत नेमके किती तापमान होते हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही आणि तो सगळा संच फेकून द्यावा लागतो.

डिस्टिल्ड पाण्याकडेही खरेदीच्या वेळी कोणाचे लक्ष जात नाही. काचेच्या डिस्टिलेशन संचाला एक लिटर शुद्ध पाणी देण्यासाठी थंडाव्याला त्याच्या कितीतरी पट पाणी वाहते ठेवावे लागते आणि आमच्याकडे तर आठवड्यात दोनदाच नळ येई. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेलाच टँकर मागवावा लागला होता. तेव्हा आम्ही छतावरच्या टाकीतून येणारे थंडाव्याचे पाणी खाली एका पिंपात जमा करून छोट्या पंपाने पुन्हा वर चढवण्याची सोय केली. ती आजही चालू आहे. बोअरचे जड पाणी असेल तर हीटरवर दोन महिन्यांत क्षारांचा पांढरा थर बसतो. तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते प्रयोगशाळा वाढते ती एकदा नमुना देऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा येतो तेव्हा, आणि तो येतो ते आपण दिलेला आकडा त्याच्या अनुभवाशी जुळला म्हणून. हा विश्वास कमावण्याचे काम नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच सुरू होते. लोक शीतपेयाच्या, तेलाच्या, एकदा तर कीटकनाशकाच्या धुतलेल्या बाटलीत पाणी घेऊन आले आहेत. म्हणून बाटल्या आपण द्याव्यात. रासायनिक तपासणीची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची, तर जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली मुळीच विसळायची नाही, कारण तिच्यात पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते धुऊन गेले तर उरलेले क्लोरीन रस्ताभर जिवाणू मारत राहते आणि दूषित पाणी आपल्याकडे शुद्ध होऊन पोहोचते. हापशाचे पाणी काही मिनिटे हापसून सोडून दिल्यावरच घ्यायचे, नाहीतर नळकांड्यात रात्रभर गंजत पडलेले पाणी मिळते आणि लोहाचा आकडा उगाच फुगतो. जिवाणूंचा नमुना बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत शक्यतो सहा ते आठ तासांत आणि फार तर चोवीस तासांच्या आत यायला हवा. लांबच्या तालुक्यातून एसटीच्या कंडक्टरकडे सोपवलेली बाटली दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात तापून हाती आली, तर तिची रासायनिक तपासणी करावी, जिवाणूंची करू नये आणि तसे अहवालात स्पष्ट लिहावे. नकार दिला की माणूस नाराज होतो खरा, परंतु पुढच्या वेळी बर्फ घेऊन तोच येतो.

नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी. गाव, स्रोताचा प्रकार, म्हणजे आड, विहीर, बोअर, नळ की टँकर, बोअरची खोली, विहिरीपासून गोठा, उकिरडा आणि शौचालयाचा खड्डा किती पावलांवर आहे, नमुना कोणी व केव्हा घेतला, आणि पाऊस केव्हा झाला होता, हे सारे तीत यावे. आमच्या पहिल्या चार वर्षांच्या नोंदींत केवळ ‘बोअर, शाळेजवळ’ असे लिहिलेले आहे. त्या शाळेजवळ तीन बोअर होते, त्यामुळे ते चारशेहून अधिक आकडे आज कोणत्याच नकाशावर मांडता येत नाहीत. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळत असताना ही चूक आपण करू नये.

अचूकतेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक विद्यापीठीय प्रयोगशाळा येथेच घसरतात. काठिण्यासाठी ईडीटीए या रसायनाचे टायट्रेशन (ठरावीक तीव्रतेचे द्रावण रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने घालून केलेली मोजणी), क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचे टायट्रेशन, अल्कलिनिटीसाठी (पाण्याच्या आम्ल शोषण्याच्या क्षमतेसाठी) आम्लाचे टायट्रेशन या गोष्टी पदवीच्या मुलांनाही येतात. मद्यासारखा लाल रंग निळा झाला की ब्यूरेट थांबवायचा, हे शिकवायला एक दुपार पुरते. परंतु आलेला आकडा बरोबर आहे का, हे ताडण्याची सवय एका दुपारीत लागत नाही. त्यासाठी आपल्याकडे एक फुकटचा पंच आहे, तो म्हणजे धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असल्याने दोन्ही बाजूंची मिलिइक्विव्हॅलंटमधील (मिलिग्रॅमच्या आकड्याला त्या आयनाच्या तुल्यभाराने भागून मिळणाऱ्या एककातील) बेरीज जवळपास सारखी आलीच पाहिजे; दोन्हींतील फरक एकूण बेरजेच्या पाच टक्क्यांच्या वर गेला, तर अहवाल बाहेर जाऊ नये.

याचे एक उदाहरण देतो, कारण ही फजिती आमचीच आहे. एका वर्षी एमएस्सीच्या गटाने आणलेल्या सगळ्याच नमुन्यांत ऋण बाजू कमी पडू लागली. त्यांतील एका विहिरीच्या पाण्यात लिटरमागे कॅल्शियम ८० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३६.५ आणि सोडियम ६९ होते. म्हणजे अनुक्रमे ४, ३ आणि ३ मिळून धन बाजू १० मिलिइक्विव्हॅलंट. ऋण बाजूला क्लोराइड १०६ म्हणजे ३, सल्फेट २४ म्हणजे ०.५, नायट्रेट ३१ म्हणजे ०.५ आणि अल्कलिनिटी ३००. मुलांनी या ३०० ला बायकार्बोनेटच्या तुल्यभाराने, म्हणजे ६१ ने भागले आणि त्यांना सुमारे ४.९ मिळाले, एकूण ८.९, तफावत ५.७ टक्के. आम्ही दोन आठवडे अभिक्रियाके बदलत बसलो. शेवटी एका मुलीनेच लक्षात आणून दिले की आपण अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात नोंदवतो, म्हणून भागाकार ५० ने करायला हवा. तसा केल्यावर ६ आले आणि दोन्ही बाजू दहावर येऊन बसल्या. टायट्रेशन पहिल्यापासून बरोबर होते, गणित चुकले होते. ताळेबंद मांडलाच नसता, तर ते आकडे तसेच प्रबंधात गेले असते. आणखी एक जुजबी पडताळा असा की धन बाजूच्या बेरजेला १०० ने गुणले की कंडक्टिव्हिटीच्या जवळपासचा आकडा यावा. वरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी हजाराच्या आसपास न येता १६०० आली, तर कोठेतरी बाटल्यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे.

एककांची अशीच दुसरी खोच नायट्रेटमध्ये आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला कोणतीही सवलत नाही. काही यंत्रे आणि संच मात्र नायट्रोजनच्या रूपात आकडा दाखवतात. तेथे ११ दिसले की ‘मर्यादेच्या खूप आत’ असे वाटते, परंतु ४.४३ ने गुणल्यावर ते ४८ च्या पुढे जाते आणि पाणी अयोग्य ठरते. तान्ह्या बाळाला वरचे दूध देण्यासाठी तेच पाणी वापरले जात असेल, तर ही चूक केवळ कागदावरची राहत नाही. आणि नायट्रेट उकळून जात नाही. उकळल्याने पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते, हे वाक्य आम्ही अशा प्रत्येक अहवालाखाली छापतो.

फ्लोराइडचा विषय मराठवाड्यापुरता वेगळा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात बेसॉल्ट संपून जुना ग्रॅनाइटचा खडक उघडा पडतो आणि किनवटच्या पट्ट्यात फ्लोराइडची समस्या जुनी आहे. येथे लोकांची जीभ फसवते. कॅल्शियम भरपूर असलेल्या मचूळ, जड पाण्यात फ्लोराइड फारसे टिकत नाही, कारण कॅल्शियम त्याला बांधून खाली बसवते. उलट सोडियम-बायकार्बोनेटचे, साबणाला चांगला फेस येणारे खोल बोअरचे पाणी लोकांना गोड लागते आणि फ्लोराइड बहुधा त्यातच असते. त्याला चव नाही, रंग नाही. मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येते. रंगावरून फ्लोराइड मोजणाऱ्या स्पॅड्न्स पद्धतीला पाण्यातील जास्त अल्कलिनिटी अडथळा करते आणि आपल्याकडे नेमकी तीच जास्त असते. म्हणून सुरुवातीलाच इलेक्ट्रोड घ्यावे, असे मी वर लिहिले. ते रोज प्रमाणद्रावणांवर तपासावे आणि त्या द्रावणांच्या बाटलीवर तयार केल्याची तारीख असावी.

नमुने कोठून येतील, याची चिंता करू नये. गावोगावच्या स्रोतांची नेमाने होणारी तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांकडे आहे. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक तेथे नमुने देतात आणि २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून गावातील महिलांकडेही तपासणीचे छोटे संच आले आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करणे विद्यापीठाचे काम नाही. शासकीय प्रयोगशाळेला रोज बाटल्यांचा ढीग उपसावा लागतो; एकाच विहिरीत मे महिन्यात नायट्रेट ३० आणि ऑगस्टमध्ये ७० का, हे विचारायला तिला सवड नसते. ती सवड विद्यापीठाकडे आहे. आम्ही पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले की दिवाळीच्या सुटीत गावी जाताना तीन बाटल्या न्यायच्या, उन्हाळ्याच्या सुटीत त्याच तीन स्रोतांचे पाणी पुन्हा आणायचे, आणि या नमुन्यांना शुल्क नाही. घरच्या आडाचे पाणी स्वतः टायट्रेट करणारा विद्यार्थी आकडा सहज सोडून देत नाही. पहिल्या पावसानंतर उकिरड्याकडून विहिरीकडे पाणी कसे वाहते, हे तो आपल्याला सांगतो. दोन वर्षांत आमच्याकडे पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे जोडीचे आकडे जमले आणि पुढचे तीन प्रबंध त्यातूनच निघाले.

शुल्क देणारे नमुने वेगळ्या वाटांनी येतात. जालना आणि संभाजीनगरकडचे मोसंबीचे बागायतदार ठिबकच्या नळ्या बुजतात म्हणून येतात. त्यांना कंडक्टिव्हिटी, सोडियमचे कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेले प्रमाण आणि उरलेले सोडियम कार्बोनेट सांगावे लागते. हे शेवटचे मूल्य लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेले, तर ते पाणी काळ्या जमिनीला घट्ट करते आणि तेथे केवळ ठिबक धुऊन भागत नाही. अशा वेळी परभणीच्या कृषी विद्यापीठातील मृदशास्त्राच्या जाणकारांशी बोलून मगच सल्ला द्यावा. रसायनाच्या माणसाने जमिनीविषयी शहाणपण सांगू नये. बांधकाम ठेकेदारांचे नमुने सर्वाधिक आणि नियमित येतात. आयएस ४५६:२००० प्रमाणे काँक्रीटच्या पाण्याचा पीएच ६ पेक्षा कमी नसावा आणि सळईच्या कामात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. कबूल करायला हरकत नाही की कित्येक वर्षे आमच्या रसायनांचा खर्च याच कंटाळवाण्या नमुन्यांनी भागवला. जारचे पाणी विकणारेही येतात. त्यांच्या हातात टीडीएसचा, म्हणजे विद्राव्य क्षार मोजणारा, पेन असतो आणि तो ६० दाखवतो म्हणून पाणी शुद्ध, असे ते ग्राहकाला सांगतात. त्या पेनाला जिवाणू दिसत नाहीत, आणि जार भरण्यापूर्वी कसा धुतला हे तर कोणतेच मीटर सांगत नाही.

आणखी एक तपासणी सुरुवातीपासून ठेवावी, ती म्हणजे टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्यासाठी टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीची. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, परंतु ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत तोंड उघडे राहिलेल्या पोत्यात ते झपाट्याने उडून जाते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची नसते. पाणी शुद्ध करणारा कर्मचारी मापाप्रमाणे पावडर टाकतो, तरी गावात जुलाब सुरू होतात आणि बोल त्याला लागतो. आयोडिनच्या साध्या टायट्रेशनने अर्ध्या तासात दोष पोत्याचा होता हे सिद्ध होते. आमच्या प्रयोगशाळेवर ग्रामसेवकांचा विश्वास बसला तो या तपासणीमुळे, असे मला आजही वाटते.

अहवाल मराठीत द्यावा. दोन स्तंभांत आकडा आणि मर्यादा, आणि खाली दोन-तीन वाक्यांत अर्थ. ‘पिण्यास योग्य’ असा सरसकट शिक्का मारू नये. ‘तपासलेल्या घटकांपुरते मर्यादेत’ असेच लिहावे आणि जिवाणू तपासले नसतील, तर तेही ठळक लिहावे. वादात किंवा कायदेशीर कामात वापरण्यासाठी कोणी अहवाल मागितला, तर पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावे. एकदा एका कारखान्याच्या शेजारच्या शेतकऱ्याला आम्ही उत्साहाने अहवाल दिला आणि नमुना कोणासमोर घेतला, या एकाच प्रश्नावर तो निरुपयोगी ठरला. त्या शेतकऱ्याचे त्यात वर्ष गेले.

एनएबीएलचे मानांकन तिसऱ्या वर्षाआधी मागू नये. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकाला उपकरणांचे अंशशोधन, प्रत्येक पद्धतीची पडताळणी, मापनातील अनिश्चितता आणि अन्य प्रयोगशाळांशी आकड्यांची तुलना यांच्या सलग नोंदी लागतात. त्या परीक्षकांच्या भेटीआधी एका महिन्यात रात्री जागून तयार करता येत नाहीत, आणि केल्या तर त्यांना ते लगेच कळते. पीएच, कंडक्टिव्हिटी, काठिण्य, क्लोराइड, अल्कलिनिटी अशा थोड्या घटकांसाठीच पहिला अर्ज करावा आणि मग हळूहळू व्याप्ती वाढवावी. आमचा पहिला अर्ज बावीस घटकांचा होता. तो आम्हीच मागे घेतला.

कुलूप लागण्याचे कारण बहुधा पैसा नसतो. माणूस निघून जातो. म्हणून एक कायम प्रयोगशाळा सहायक या कामाला बांधून मिळावा, ही अट आपण अनुदान स्वीकारतानाच लेखी घालावी, आणि शुल्काची रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात विरघळून न जाता वेगळ्या शीर्षाखाली जमा होऊन रसायने व दुरुस्तीसाठी विभागालाच मिळेल, असा ठराव व्यवस्थापन परिषदेकडून करून घ्यावा. हे नंतर होत नाही. क्लोराइडच्या तपासणीतील क्रोमेट आणि चांदी, तसेच सांडपाणी तपासायला लागलात की त्या तपासणीत वापरला जाणारा पारा, मोरीत ओतू नये. वेगळ्या कॅनमध्ये साठवून अधिकृत विल्हेवाट करणाऱ्यांकडे द्यावे; पाणी तपासणाऱ्यांनीच नाल्यात पारा सोडला, तर बोलायला तोंड राहत नाही.

पहिला महिना बाहेरचा एकही नमुना घेऊ नये. विभागाच्या नळाचे पाणी रोज सकाळी दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी, एकमेकांचा आकडा न पाहता तपासावे आणि दोघांचे आकडे एका तक्त्यावर लावावेत. आम्ही हे केले तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेने पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, सापडले. छतावरच्या टाकीवर झाकण नव्हते, आत कबुतर मरून पडले होते आणि त्याच टाकीचे पाणी आम्ही सगळे पीत होतो. आपणही बाटली भरण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन यावे.